प्लेस्टेशन वाय-फायला जोडताना दोष प्लॅनचा की घराच्या भिंतींचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मनीषनगरातील आपल्या फ्लॅटमध्ये १०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. राउटर पुढच्या खोलीत खिडकीशेजारी बसवला आहे आणि मुलाचा प्लेस्टेशन ४ मागच्या बेडरूममध्ये आहे. मोबाईलवर वेग ९० च्या आसपास येतो, कन्सोलवर मात्र ८ ते १२. राउटरची दोन नावे मोबाईलला दिसतात, कन्सोलला एकच दिसते. रात्री खेळ मध्येच अडकतो, मित्रांशी माइकवर बोलता येत नाही आणि जोडणीच्या तपासणीत ‘नॅट टाइप ३’ असे येते (नॅट म्हणजे घरातली अनेक उपकरणे बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवण्याची राउटरची पद्धत). प्लॅन ३०० एमबीपीएसचा घ्यावा का, आणि माळ्यावर पडून असलेला प्लेस्टेशन ३ पुन्हा जोडता येईल का, असेही आपण विचारले आहे.

प्लॅन वाढवू नये, निदान आत्ता तरी. आपण सांगितलेल्या तक्रारींत कमी वेग, अडकणे आणि नॅट या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी एकीचाही प्लॅनच्या आकड्याशी फारसा संबंध नाही. ऑनलाइन खेळ चालू असताना कन्सोल आणि सर्व्हर यांच्यात जाणारी माहिती अगदी थोडी असते आणि बहुतेक खेळांचे काम एक-दोन एमबीपीएसमध्ये भागते. जास्त वेग लागतो तो खेळ डाउनलोड करताना. पन्नास जीबीचा खेळ ४० एमबीपीएसने उतरायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात आणि ९० ने साधारण सव्वा तास. एवढा फरक सोसण्यासारखा असेल, तर खेळण्यासाठी वेगापेक्षा पिंग म्हणजे जाऊन परत येण्याचा वेळ आणि त्याची स्थिरता अधिक महत्त्वाची आहे.

या वेळाचा हिशेब नागपूरकरांनी एकदा करून पाहावा. समृद्धी महामार्गाने नागपूर ते मुंबई अंतर ७०१ किलोमीटर आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तेवढ्याच लांबीच्या तारेने मुंबईतील सर्व्हरपर्यंत जाऊन यायला ७ मिलिसेकंद पुरतात. प्रत्यक्षात तार वळसे घेते आणि वाटेतली यंत्रे थोडा वेळ खातात, त्यामुळे आकडा याच्या काही पट येतो. तरीही बिघडलेल्या वाय-फायवर राउटरपासून बेडरूमपर्यंतच्या पंचवीस-तीस फुटांत याहून कितीतरी जास्त वेळ जाऊ शकतो, आणि तोही दर वेळी वेगळा. म्हणून शोध घरातूनच सुरू करावा.

आता कन्सोलला एकच नाव का दिसते ते पाहू. २०१३ साली आलेल्या पहिल्या प्लेस्टेशन ४ मध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँडचे, म्हणजे रेडिओ लहरींच्या त्या पट्ट्यातले, वाय-फाय आहे. कन्सोलच्या लेबलवर मॉडेल क्रमांक ‘सीयूएच-१०’, ‘सीयूएच-११’ किंवा ‘सीयूएच-१२’ असा सुरू होत असेल, तर तो हाच. २०१६ मध्ये आलेल्या स्लिम आणि प्रो या आवृत्त्यांना ५ गिगाहर्ट्झ बँडही दिसतो. राउटरच्या दुसऱ्या नावाच्या शेवटी बहुधा ‘५जी’ असते. त्याचा मोबाईलच्या ५जी सेवेशी काही संबंध नाही, तो ५ गिगाहर्ट्झचा बँड आहे. आपल्या कन्सोलला तो ऐकूच येत नाही आणि कोणतेही अपडेट टाकले तरी येणार नाही, कारण त्यातला रेडिओच तसा आहे. मोबाईलचा ९० हा आकडा आपण बहुधा पुढच्या खोलीत, राउटरच्या जवळ बसून, ५ गिगाहर्ट्झवर मोजला असावा. मागच्या बेडरूममध्ये, कन्सोलच्या अगदी शेजारी, २.४ च्या नावाला जोडून तोच मोबाईल पुन्हा मोजून पाहावा. आकडा पंधरा-वीसच्या आत आला, तर कन्सोलला दोष देण्याचे कारण उरत नाही.

२.४ गिगाहर्ट्झवर जास्तीत जास्त किती मिळू शकते, हेही माहीत असलेले बरे. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर एका प्रवाहाची, म्हणजे एकाच अँटेनाची, जोडणी कागदोपत्री ७२ एमबीपीएसची असते आणि हवा मोकळी असेल तर हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास पडते. मात्र फ्लॅटमधली हवा मोकळी नसते. वर, खाली आणि शेजारी प्रत्येकाचा राउटर त्याच बँडवर असतो. मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात काम करतो, प्लेस्टेशनचा कंट्रोलरही ब्लूटूथने त्याच पट्ट्यात बोलतो. एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कन्सोलला यूएसबी ३.० ची बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल, तर तिच्या वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो. डिस्क कन्सोलच्या अंगावर ठेवलेली असेल तर ती फूटभर दूर ठेवावी, आणि वायर जाड व चांगल्या आवरणाची घ्यावी.

राउटरच्या जागेविषयी सविस्तर लिहितो, कारण नागपुरातल्या घरांत निम्मी भांडणे इथेच मिटतात. फायबरची तार आणणारा माणूस खिडकीच्या चौकटीशेजारी भोक पाडतो आणि राउटरचा डबा तिथेच भिंतीला ठोकून जातो. थंडीत सगळे ठीक चालते. मार्च उलटला की त्याच खिडकीत कूलर येतो. पत्र्याचा मोठा डबा, तीन बाजूंना ओल्या ताट्या आणि खाली टाकीभर पाणी. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेते, आणि राउटर नेमका त्याच्या मागे किंवा बाजूला असेल तर आतल्या खोल्यांना उरतो तो गाळलेला सिग्नल. मग एप्रिलमध्ये ‘नेट स्लो झाले’ अशी तक्रार नेटवाल्याकडे जाते. तो बिचारा येऊन डबा बंद-चालू करतो, आणि अडचण होती तिथेच राहते. आपण तक्रार सुरू झाल्याचा महिना लिहिलेला नाही, पण ती उन्हाळ्यातली असेल तर आधी कूलरकडे पाहावे. हीच गोष्ट लोखंडी कपाटाची, फिशटँकची आणि भिंतीवरच्या मोठ्या आरशाची. महालातल्या जुन्या वाड्यांतल्या जाड भिंती हा आणखी वेगळा प्रश्न आहे. तिथे दोन खोल्यांपलीकडे वाय-फायची अपेक्षा न धरता थेट केबलच ओढलेली बरी.

राउटर हलवता येत असेल तर घराच्या मधोमध, पाच-सहा फूट उंचीवर, उघड्या जागी ठेवावा. फायबरची बारीक तार लांब मिळते, त्यामुळे नेटवाल्याला सांगून डबा पॅसेजमध्ये सरकवून घेणे फार अवघड काम नाही. मात्र ती तार घट्ट दुमडू नये, तिच्या आत काच असते. हलवल्यावर परिणाम झाला की नाही हे अंदाजाने ठरवू नये. अँड्रॉइड मोबाईलवर वाय-फाय तपासणारे एखादे ॲप घेऊन कन्सोलच्या जागी सिग्नल किती डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप) दिसतो ते पाहावे. हा आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत खेळायला हरकत नाही, आणि उणे ७५ च्या खाली गेला की तुटतुटीला सुरुवात होते. त्याच ॲपमध्ये शेजाऱ्यांचे राउटर कोणत्या चॅनलवर आहेत तेही दिसते. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हीच तीन चॅनले एकमेकांवर चढत नाहीत. त्यांपैकी सर्वांत कमी गर्दीचे निवडून राउटरमध्ये कायम करावे आणि रुंदी ‘ऑटो’ न ठेवता २० मेगाहर्ट्झ करावी. ४० केल्याने वेग वाढतो असे सांगणारे पुष्कळ भेटतील. दाट वस्तीत तसे करणे म्हणजे आपलाही खोळंबा आणि शेजाऱ्याचाही.

कन्सोलवरच्या जोडणीत फारसे काही नाही. ‘सेटिंग्ज’मधून ‘नेटवर्क’, तिथून ‘सेट अप इंटरनेट कनेक्शन’, मग ‘यूज वाय-फाय’ आणि ‘ईझी’ निवडले की नावांची यादी येते. नाव निवडून पासवर्ड टाकावा. कॅपिटल आणि लहान अक्षरे वेगळी मोजली जातात, आणि पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश दहांपैकी नऊ वेळा तेवढ्याचमुळे येतो. राउटरचे नाव आणि पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांत व आकड्यांत ठेवावेत. कन्सोलच्या कळफलकावर विचित्र चिन्हे शोधत बसण्यात अर्थ नाही. राउटरच्या सुरक्षेच्या पानावर ‘डब्ल्यूपीए३’ हा वाय-फाय सुरक्षेचा नवा प्रकार एकटा निवडलेला असेल, तर जुनी उपकरणे जोडली जात नाहीत. तिथे ‘डब्ल्यूपीए२’ आणि ‘एईएस’ ठेवावे. सुरक्षा पूर्णपणे काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नये.

जागा बदलून, चॅनल बदलूनही कन्सोलवर २५-३० च्या वर जात नसेल, तर त्या २.४ च्या रेडिओलाच रजा द्यावी. माझ्या मते आपल्या घरासाठी हाच सर्वांत चांगला मार्ग आहे. बाजारात लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल लावायची खाच) असलेला, दोन्ही बँडचा रिपीटर, म्हणजे वाय-फाय पकडून पुढे देणारे यंत्र, मिळतो. सीताबर्डीवर संगणकाच्या सुट्या सामानाच्या दुकानांत विचारल्यास सहज मिळेल. तो बेडरूममध्ये ठेवून मुख्य राउटरला ५ गिगाहर्ट्झवर जोडावा आणि त्याच्या लॅन पोर्टमधून तीन-चार फुटांची केबल कन्सोलला लावावी. प्लेस्टेशनला आपण केबलवर आहोत असेच वाटते, आणि हवेतला प्रवास होतो तो मोकळ्या बँडवरून. रिपीटरच्या सेटिंगमध्ये ‘ब्रिज’ किंवा ‘क्लायंट’ असा पर्याय असल्यास तोच घ्यावा, म्हणजे तो पुन्हा वाय-फाय पसरवत बसत नाही. नुसता रिपीटर म्हणून, त्याच बँडवर घेऊन त्याच बँडवर देण्यासाठी वापरला, तर वेग साधारण निम्मा होतो आणि पिंग वाढतो. ‘रिपीटर लावला तरी काही फरक नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या घरी हेच घडलेले असते.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून कमी जातो. दोन विटांच्या भिंती तो पार करतो, मध्ये आरसीसीचा कॉलम आला की दमतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी बेडरूममध्ये मोबाईल ‘५जी’ नावाला जोडून वेग पाहावा. तिथे चाळीस-पन्नास मिळत असेल तर रिपीटर खुशाल घ्यावा. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचे चॅनल ३६ ते ४८ मधले ठेवावे. ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारची शंका आली की राउटर स्वतःहून चॅनल सोडतो आणि त्या क्षणी खेळ तुटतो.

केबल ओढणे शक्य असेल तर मात्र दुसरा विचारच करू नये. ‘कॅट ६’ केबल शंभर मीटरपर्यंत चालते, तिच्यावर शेजाऱ्यांचा, कूलरचा किंवा मायक्रोवेव्हचा काही परिणाम होत नाही. डिशसाठी टाकलेला कन्सिल्ड पाइप रिकामा असेल तर त्यातून न्यावी, नाहीतर भिंतीच्या कडेने पट्टी मारून घ्यावी. लाइटच्या वायरी असलेल्या पाइपातून ती नेऊ नये. इलेक्ट्रिशियन ‘काही होत नाही’ म्हणतो, पण एखाद्या ठिकाणी वायरीचे आवरण सोलले गेले तर २३० व्होल्ट कन्सोलपर्यंत पोहोचू शकतात. बाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर बाहेर वापरण्यासाठीचीच काळ्या आवरणाची केबल घ्यावी, कारण आपल्याकडच्या उन्हात घरातल्या केबलचे आवरण लवकर तडकते. लाइटच्या वायरिंगमधूनच इंटरनेट नेणारे ॲडॉप्टरही मिळतात. ज्या घरांत तीन फेज आहेत किंवा इन्व्हर्टरची लाइन वेगळी काढलेली आहे, तिथे ते कधी चालतात, कधी नाही. परत करण्याची सोय असेल तरच घ्यावेत.

रात्री खेळ अडकण्याचे कारण शोधण्यासाठी लॅपटॉप कन्सोलच्या जागी नेऊन २.४ च्या नावाला जोडावा आणि त्याच्या पडद्यावर कमांडच्या दोन खिडक्यांत एकाच वेळी पिंग चालू ठेवावे. एकात राउटरचा पत्ता द्यावा, बहुधा १९२.१६८.१.१ हा, आणि दुसऱ्यात ८.८.८.८ हा गूगलच्या सर्व्हरचा. राउटरचे उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत येत राहिले आणि बाहेरचे मात्र उड्या मारू लागले, तर अडचण लाइनची आहे. राउटरचेच उत्तर ३ वरून ८० वर जाऊ लागले, तर अडचण हवेतली आहे आणि वर लिहिलेले उपाय लागू पडतात. ही दहा मिनिटांची तपासणी केल्याशिवाय नेटवाल्याला फोन करू नये. केल्यावर करावा, कारण मग ‘राउटर रीस्टार्ट करा’ याच्या पुढे बोलणे जाते.

बाहेरचे पिंग उड्या मारत असेल, तर आधी त्या वेळी घरात कोण काय करत आहे ते पाहावे. बहुतेक घरांत रात्री सगळे मोबाईल चार्जिंगला लागतात आणि दिवसभरातले फोटो व व्हिडिओ वर चढवू लागतात, त्याच वेळी बाहेरच्या कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंगही क्लाउडवर जात असते. वर जाणारी वाट भरली की राउटरमध्ये रांग लागते आणि खेळाची छोटी पाकिटे त्या रांगेत अडकतात. डाउनलोडचा वेग तेव्हाही चांगला दिसतो, म्हणून हे कारण सहज सुटते. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ (कोणत्या माहितीला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) असेल तर ते चालू करून दोन्ही दिशांची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवावी, म्हणजे रांग लागत नाही. नसेल तर फोटोंचा बॅकअप पहाटेच्या वेळी लावून द्यावा.

नॅटचा प्रश्न पूर्ण वेगळा आहे आणि वाय-फाय कितीही सुधारले तरी तो तसाच राहील. प्लेस्टेशन नॅटचे तीन प्रकार दाखवतो. १ म्हणजे मध्ये राउटर नाही, २ म्हणजे राउटर आहे पण वाट मोकळी आहे, आणि ३ म्हणजे बाहेरून कोणी आपल्यापर्यंत पोहोचू शकत नाही. माइकवरचे बोलणे पुष्कळदा खेळाडूंच्या कन्सोलमध्ये थेट होते, म्हणून ३ असताना तेच आधी बंद पडते. राउटरच्या पानावर ‘वॅन’ (बाहेरची जोडणी) या शीर्षकाखाली असलेला आयपी पत्ता पाहावा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर आपल्याकडे एकामागे एक दोन राउटर आहेत. फायबरचा डबा स्वतःच राउटर असतो आणि त्याच्यामागे आपण दुसरा घेऊन लावलेला असतो. अशा वेळी दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकावा किंवा पहिला ‘ब्रिज’ करून घ्यावा. दोघांनीही राउटरगिरी करू नये.

तो पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानचा असेल, तर इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे. हे पत्ते २०१२ पासून याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत आणि आपल्याकडे ही पद्धत सर्रास आहे. मग राउटरमधली पोर्ट, म्हणजे बाहेरून येणाऱ्या माहितीसाठीची क्रमांकांची दारे, उघडण्याचा खटाटोप करून उपयोग नाही, कारण बंद दार आपल्या घरात नसून कंपनीकडे आहे. अशा वेळी कंपनीकडून जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला स्वतंत्र कायमचा सार्वजनिक पत्ता, घ्यावा. प्लॅन वाढवण्यासाठी बाजूला काढलेली रक्कम खर्चच करायची असेल, तर ती इथे करावी.

दोन्हींपैकी काही नसेल, तर राउटरमध्ये ‘यूपीएनपी’ (लागतील ती पोर्ट आपोआप उघडणारी सोय) चालू करून कन्सोल एकदा बंद-चालू करावा. बहुतेक वेळा नॅट लगेच २ होतो. न झाल्यास कन्सोलला राउटरमधूनच कायमचा पत्ता नेमून द्यावा आणि त्या पत्त्याकडे टीसीपी ८०, ४४३, ३४७८, ३४७९ व ३४८० आणि यूडीपी ३४७८ व ३४७९ ही पोर्ट वळवावीत. कन्सोल ‘डीएमझेड’मध्ये टाकण्याचा, म्हणजे सगळीच पोर्ट त्याच्याकडे उघडी ठेवण्याचा, सोपा उपाय अनेक जण सुचवतात. त्याची गरज मला सहसा पडत नाही.

वादळी पावसात लाइट जाऊन आली की कन्सोल आधी उठतो आणि फायबरचा डबा दोन-तीन मिनिटांनी, त्यामुळे कन्सोल ‘नेटवर्क नाही’ म्हणून बसून राहतो. डब्यासाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना डब्याच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यावेत. प्लेस्टेशन ४ साठी सोनीने खोलीचे तापमान ५ ते ३५ अंश सांगितले आहे. मे महिन्यात बंद टीव्ही-युनिटमध्ये ते कधीच ओलांडलेले असते, म्हणून कन्सोल मोकळ्यावर ठेवावा, पण कूलरच्या ओल्या झोतासमोर नको.

माळ्यावरचा प्लेस्टेशन ३ जोडता येईल. त्याचे वाय-फाय आणखी जुने, फक्त २.४ गिगाहर्ट्झचे ‘बी’ आणि ‘जी’ प्रकारचे आहे (ही वाय-फायच्या जुन्या पिढ्यांची नावे, ‘एन’ आणि ‘एएक्स’ त्यांच्या नंतरच्या). राउटर ‘फक्त एन’ किंवा ‘फक्त एएक्स’ अशा मोडवर असेल तर त्याला नाव दिसूनही जोडणी होणार नाही. मोड ‘मिक्स्ड’ आणि सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२’ ठेवली की तो जोडला जातो. तो चालू असताना त्याच्या संथ बोलण्याने २.४ वरील इतरांचाही वेळ जातो. त्यामुळे बेडरूममध्ये घेतलेल्या रिपीटरला दुसरा लॅन पोर्ट असेल, तर प्लेस्टेशन ३ सुद्धा तिथेच केबलने लावावा.